गिटार कपाटावर ठेवू नका

‘पोरीचा गळा गोड आहे हो!’ हे कौतुक आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ‘पोरीचा हात छान आहे,’ असं म्हणतात ते मात्र पोळ्यांबद्दल, नाहीतर रांगोळीबद्दल. गाणं मुलीचं आणि वाद्य मुलाचं, ही वाटणी कुणी करून ठेवली कोण जाणे!

आमच्या करंज्यात काय, सगळ्या उरण-पनवेल पट्ट्यात काय, गाणं घरातच असतं. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. आई-आजीच्या मागे बसून, ऐकून ऐकूनच हे धवले पाठ होत आले. बायकांनी चालवलेली ही संगीतशाळाच म्हणायची. पण त्याच लग्नात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी येते, तेव्हा बेंजो काय नि ढोलक काय, बहुतेक सगळं पुरुषांच्या हातात!

घरात सूर असला की मूल लवकर शिकतं. गोव्यातल्या कुर्डीत १९०४ साली जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी आपल्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, स्वतः घडवलं. गोव्यातल्याच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लहानपणी वडिलांकडे शिकले आणि पुढे त्यांनी प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवलं. आपल्या घरात कुणी गाणारं-वाजवणारं नसेल, तरी रियाजाला आई शेजारी बसली तरी पुष्कळ होतं.

हल्ली लेकीला हौसेने गिटार घेऊन देणारे आईबाप छोट्या गावांतही दिसतात. मुलगी सात-आठ वर्षांची असेल तर लहान मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार घ्या. पोलादी तारा कोवळ्या बोटांना रुततात आणि पोर कंटाळते. सुरुवातीला बोटं दुखतातच. मग टोकांना घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. रोज वीस मिनिटं पुरेत. तीन-चार कॉर्ड नीट बसले की कितीतरी कोळीगीतांना साथ करता येते.

खरी अडचण पुढे येते. नववी-दहावी आली की क्लास बंद. मुलाचाही होतो, पण बारावी झाली की त्याची गिटार खाली उतरते. मुलीची मात्र तिचं लग्न झालं तरी माहेरच्या कपाटावरच धूळ खात असते. बचत गटाच्या कामासाठी घरोघरी जाते तेव्हा मी हे बघते.

आणि हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी होती. भावाचा बॅन्जो ती गुपचूप वाजवायची. लोकांच्या घरी काम करून, पैसे साठवून तिने स्वतःची गिटार घेतली. डावखुरी होती, म्हणून उलटी धरून वाजवायला शिकली. पुढे लग्न झालं, संसार सुरू झाला आणि गिटार सुटली. कित्येक वर्षांनी एलिझाबेथबाई सीगर या संगीतकार कुटुंबाकडे घरकामाला लागल्या. तिथे घरातली गिटार त्यांनी हातात घेतली आणि बोटांना सगळं आठवलं! १९५८ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

त्यांना योगायोगाने असं घर मिळालं. आपल्या लेकींनी योगायोगावर का बसावं? मैत्रिणींनो, दहावीच्या वर्षात वीस मिनिटांची दहा करा, पण गिटार बंद करू नका. लेक सासरी निघाली की भांड्याकुंड्यांबरोबर तिची गिटारही द्या. आणि आपल्या घरी सून गिटार घेऊन आली, तर ती कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी तिला विचारा, ‘काय गं, आम्हाला ऐकवतेस का?’