मीठ सोडले, पण शेव?

"डॉक्टर, वरून मीठ घेणं कधीच सोडलंय, तरी प्रेशर उतरत नाही!" रक्तदाबाचे रुग्ण ही तक्रार नेहमी करतात. चहाबरोबर काय खाता, असे विचारले की उलगडा होतो : लसूण शेव, पापडी, भावनगरी!

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे छोट्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरसाणात मीठ असतेच; शिवाय पापडी-गाठीत पापडखार किंवा सोडा घालतात. मिठातले सोडियम त्यातही असते. जिभेला कळले नाही, तरी रक्तदाबाला कळते.

लसूण शेव मलाही आवडते. बंदी नको, पण पुडा समोर घेऊन बसू नये. मूठभर वाटीत काढावी, तीही रोज नव्हे, रविवारी. आणि प्रेशरची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.