कामाविना एक दिवस

'सहल' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर नाही तर गोवा उभा राहतो. महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागते, वर्गणीचा आकडा वाचला जातो आणि त्याच क्षणी वर्गाचे दोन भाग पडतात. एक भाग नावे नोंदवायला जातो. दुसरा भाग 'मला बस लागते', 'घरी पाहुणे येणार आहेत' अशी कारणे शोधू लागतो. कारणे खोटी आहेत हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. या दुसऱ्या भागाच्या वतीने मला चार शब्द लिहायचे आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, सहलीला फार दूर जावे लागत नाही, फार पैसेही लागत नाहीत. आणि जी सहल सर्वांना परवडते तीच महाविद्यालयाची सहल म्हणवून घेण्यास पात्र आहे.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपल्या बीड जिल्ह्यात पाहण्यासारखे आहे तरी काय?" वर्तमानपत्रांत आपला जिल्हा दुष्काळासाठी आणि ऊसतोडीसाठी येतो. ते खोटे नाही; माझे आईवडील स्वतः कोयता घेऊन फडावर जातात. परंतु दुसऱ्यांनी आपले जे वर्णन केले तेवढेच आपण आहोत, असे आपणही मानू लागलो, हे मात्र वाईट झाले.

बीड शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधवून घेतली. जमिनीखालच्या दोन वाटांनी पाणी विहिरीत यावे आणि तिसऱ्या वाटेने शेतांकडे जावे, अशी तिची रचना. ना मोट, ना पंप. जमिनीचा उतार ओळखून केलेले हे काम आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरपुढे घागरी मांडून उभ्या राहतात, तिथल्या विद्यार्थ्याने ही विहीर पाहू नये? पाणी अडवणे, वळवणे, पुरवणे हा या मातीचा जुना अभ्यासक्रम आहे. तो पुस्तकात वाचण्यापेक्षा विहिरीच्या काठावर उभे राहून लवकर समजतो.

मराठीच्या वर्गात आपण आद्यकवी मुकुंदराजांवर टीप लिहितो. 'विवेकसिंधू' हा त्यांचा ग्रंथ, परंपरेने सांगितला जाणारा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८. एवढे लिहिले की गुण मिळतात. त्यांची समाधी आपल्याच अंबाजोगाईस आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? त्याच गावात दासोपंत होऊन गेले. त्यांनी 'पंचीकरण' हे प्रकरण सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहून काढले. कापडावर एवढे लिहायला बसलेल्या माणसाची चिकाटी अभ्यासाच्या टिपणांत मावत नाही. योगेश्वरीच्या दर्शनाला गेलेली माणसे नदीकाठची हत्तीखाना लेणी न पाहताच परततात. दर नोव्हेंबरात तिथे यशवंतराव चव्हाण यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ समारोह भरतो. गाणे ऐकायला, कविता ऐकायला, शेतीवरची चर्चा ऐकायला पुण्यालाच जावे लागते असे नाही.

बागेचे म्हणाल तर बालाघाटाचे डोंगरच आमची बाग. तिथले सीताफळ एवढे नावाजलेले की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले. याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेप घेते. पावसाळ्यात मांजरसुंब्याजवळचे कपिलधार पाहिले म्हणजे 'कोरडा जिल्हा' हे शब्द जिभेवरच अडखळतात.

खेळांच्या बाबतीत तर आपण अधिकच कर्मदरिद्री. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला आणि २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. ही पदके आपण मोबाईलच्या पडद्यावर पाहिली आणि अभिमानाने पुढे पाठवली. पण तालुक्याच्या मैदानावर जेव्हा अनवाणी मुले-मुली धावतात, तेव्हा कडेला पंच आणि क्रीडाशिक्षक यांच्याखेरीज कोण असते? उद्याचा साबळे त्यातच धावत असेल. त्याला टाळी हवी असते ती आज. मुलींची कबड्डी पाहायला मुली गेल्या तर खेळणाऱ्यांना केवढा धीर येईल! कुस्तीच्या फडाभोवती बायकांना आजही जागा नसते; ती मागायला आपणच गेले पाहिजे.

आमच्या घरात 'फड' हा शब्द निराळ्याच अर्थाने येतो. फड म्हणजे उसाचा. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, ती उन्हाळ्यात परतते. अंबाजोगाई-केजकडे वेळ अमावस्येला माणसे शेतात जातात, कोपीत पूजा करतात, भज्जी, उंडे, आंबील जेवतात, वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. आपल्या भागाची ही खरी सहल. पण ती येते मार्गशीर्षात. तेव्हा हजारो ऊसतोड कुटुंबे दुसऱ्याच्या शिवारात मोळ्या बांधत असतात. सण चुकतो, आणि दरवर्षी चुकतो.

गेल्या श्रावणात मी मायला बीडला कंकालेश्वराला नेले. बाजार, दवाखाना, तहसील यांसाठी ती बीडला कितीदा तरी आली होती. कुंडातल्या पाण्यात उभे असलेले ते मंदिर तिने प्रथमच पाहिले. दर्शन झाल्यावर ती उठून चालू लागली. मी म्हटले, थोडे बसू. तिने विचारले, "आता काय काम हाय गं हितं?" काम काही नाही, नुसते बसायचे आहे, हे तिला पटेना. मग ती बसली. भिंतीवरच्या दगडी बायांच्या अंगावरचे दागिने मोजू लागली आणि मला त्यांची नावे सांगू लागली. त्यांतली निम्मी मला ठाऊक नव्हती.

कामाविना घराबाहेर पडण्याचा हक्क आपल्यालाही आहे, हेच आमच्या पिढ्यांना कुणी सांगितले नाही. म्हणून सहलीला मी चैन म्हणत नाही. ज्याला नुसते पाहण्याची सवय लागते, त्याला प्रश्न पडू लागतात. आणि ज्याला प्रश्न पडतात तो मुकादमाच्या वहीतला हिशेबही वाचू लागतो. पाहण्याची भूक आपल्या लोकांत नाही असेही नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली, तेव्हा आमच्या गावातले म्हातारे कुठे जायचे नसतानाही नुसती गाडी पाहून आले.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, अभ्यास सोडून भटकण्याची ही नवी सबब आहे. त्यांना माझी विनंती आहे की, या भटकण्याला अभ्यासच करून टाका. इतिहासाच्या सरांनी एक तास खजाना विहिरीवर घ्यावा, मराठीच्या मॅडमनी एक मुकुंदराजांच्या समाधीपाशी, भूगोलाच्या सरांनी एक नायगावच्या डोंगरात. मुलींना घरून सोडत नाहीत ही अडचण खरी. परंतु प्राध्यापिका सोबत असल्या आणि दिवेलागणीच्या आत परतायचे असले तर पुष्कळ घरे तयार होतील. खर्चाचे म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. भाकरी घरची, पाणी घरचे.

अट एकच. आपण जाऊ तिथे भोंगे वाजवू नयेत, कागद-पिशव्या टाकू नयेत, मोरामागे मोबाईल घेऊन धावू नये आणि सौताड्याच्या कड्यावर धाडस दाखवू नये. पाहायला जाणाऱ्याने पाहण्यासारखे काही मागे ठेवले पाहिजे.

महाविद्यालयाकडे माझी मागणी साधी आहे. दर सत्रात जिल्ह्यातलीच एक सहल काढावी. पहिली सहल टोळ्या निघण्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदात असावी आणि तिला आईवडिलांनाही बोलवावे. आपण शिकतो म्हणजे नेमके काय करतो, हे त्यांना निकालाच्या कागदावरून कळत नाही. विहिरीच्या काठावर आपल्याच लेकीने वा लेकाने ते पाणी कुठून येते हे सांगितले, तर ते कळेल. शिवाय जमिनीचा उतार, पाण्याची वाट आणि दगडाची जात यांविषयी आपल्या प्राध्यापकांनाही त्यांच्याकडून दोन गोष्टी कळतील, याची मला खात्री आहे.