गांधी-विवाहाची विस्मृति

१९४२ च्या चळवळींतून क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सहकारी यांनीं कृष्णाकांठीं जें प्रतिसरकार उभें केलें, त्याचा विषय निघाला म्हणजे आमचे लोक हटकून दोन गोष्टी सांगतात. पहिली, ७ जून १९४३ रोजीं तुफान सेनेनें शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली ती. दुसरी, गांवगुंडांच्या तळपायांस काठीचा मार देऊन ‘पत्री’ ठोकल्याची. या दुसरीवरून लोकांनीं त्या सरकारचें नांवच ‘पत्री सरकार’ करून टाकलें. दोन्ही गोष्टी अभिमानानें सांगण्यास आमची हरकत नाहीं. मात्र त्या दंडनीतींत अतिरेक कोठेंच झाला नसेल असें आमच्यानें म्हणवत नाहीं. पण याच सरकारनें १९४३ पासून १९४६ पर्यंत गांवोगांव जें तिसरें काम चालविलें, तें या दोहोंहून कठीण होतें, आणि नेमकें तेंच विस्मरणांत गेलें आहे. तें काम म्हणजे गांधी-विवाह.

हुंडा नाहीं, मानपान नाहीं, सावकाराचें कर्ज काढून पंक्ती उठविणें नाहीं, असें हें लग्न. खुद्द जी. डी. बापू लाड यांनीं भूमिगत असतांनाच १९४५ सालीं कुंडल येथें विजयाताईंशीं याच पद्धतीनें विवाह केला. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नांत काटकसर सुचविणारे पुढारी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. स्वतःच्या लग्नापासून सुरुवात करणारे थोडे. कुंडल हें त्या वेळीं औंध संस्थानांतील गांव, आणि त्या संस्थानच्या अधिपतींनीं १९३९ सालींच प्रजेस स्वराज्याची घटना दिलेली होती, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

ही कल्पना कांहीं आकाशांतून पडली नव्हती. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, भटाविना लग्नें लाविलीं, आणि पुढें जलशांनीं ती शिकवण सातारा प्रांताच्या खेड्यांत पोहोंचविली. नाना पाटील त्याच मुशींतले. आगगाडी अडविण्यास एका रात्रीचें धैर्य पुरतें. परंतु भावकीच्या देखत ‘आम्हांस कांहीं नको’ असें म्हणून पुढें वर्षानुवर्षें तिचीं टोमण्यांचीं बोलणीं ऐकण्यास जें धैर्य लागतें, तें वेगळें. त्यांतही अधिक ऐकावें लागतें तें सुनेस.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. तरीही ज्या शिवारांत हीं लग्नें लागलीं, तेथेंच आज बाप जमिनीवर बोजा चढवून मांडव घालतो, आणि नाना पाटलांच्या तसबिरीस हार घालणारे गृहस्थ त्याच मांडवांत अहेर मिरवितात. यास आम्ही काय म्हणावें?

साक्षीदार तर एकेक करून चालले. जी. डी. बापू २०११ सालीं गेले. पोलीस चौकीसमोर घरगुती भांडणाचें सोंग करून पोलिसांस बाहेर काढणाऱ्या, व तेवढ्यांत साथीदारांस हत्यारें लांबविण्याची संधि देणाऱ्या, नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ सालीं गेल्या. शेणोलीचे कॅप्टन भाऊ रामचंद्र लाड २०२२ सालीं. त्या काळच्या नववधू कोणी हयात असल्याच तर त्यांनीं नव्वदी ओलांडली असेल.

म्हणून आमची मागणी अशी कीं, दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींनीं व महाविद्यालयांनीं या विवाहांची गांववार नोंद आतांच करावी. जिल्ह्यांच्या हद्दीची सबब कोणी सांगूं नये. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा होऊन १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें, पण हीं लग्नें लागलीं तेव्हां मुलूख एकच होता. जुन्या पेट्यांतील पत्रिका पाहाव्या, म्हाताऱ्यांस बोलतें करावें. वराचें नांव स्वातंत्र्यसैनिकांच्या यादींत कदाचित् सांपडेल. वधूचें माहेरचें नांव मात्र तिच्या लेकींनाच विचारावें लागेल.