व्यायामाचा मुहूर्त

व्यायाम सकाळी करावा की सायंकाळी, हा प्रश्न आमच्या लोकांत फार दिवसांपासून चर्चिला जात आहे. आणि बहुतेक ठिकाणी त्याचा निकाल चर्चेपूर्वीच लागलेला असतो. पहाटे उठून जोरबैठका काढील तो उद्योगी व दिवेलागणीनंतर मैदानावर दिसेल तो आळशी, असा हा निकाल आहे. तो शास्त्राच्या आधारे लागलेला नसून सवडीच्या आधारे लागलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांची पहाट त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे त्यांनी तो दिला, आणि ज्यांची नाही त्यांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला.

शास्त्र काय म्हणते ते प्रथम पाहू. मनुष्याच्या शरीराची उष्णता पहाटे सर्वांत कमी व दुपार कलल्यापासून सायंकाळपर्यंत सर्वांत जास्त असते, आणि स्नायूंचे बळ साधारणतः तिच्याच मागोमाग चढते. म्हणजे वजन उचलणाऱ्यास व वेगाने धावणाऱ्यास सायंकाळच अधिक मानवण्याचा संभव आहे. हृदयविकाराचे झटके सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात अधिक येतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. यावरून सकाळचा व्यायाम घातक ठरत नाही. पण वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या वयस्क गृहस्थाने अंथरुणातून उठून तडक धावत सुटू नये, एवढे खास ठरते. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखर चढण्यास आवर बसतो. तेव्हा मधुमेह्याने रात्रीच्या जेवणानंतर घातलेली फेरी ही पहाटेच्या फेरीहून कमी प्रतीची मुळीच नव्हे. सायंकाळच्या व्यायामाने झोप उडते ही समजूतही सरसकट खरी नाही. निजण्यापूर्वीच्या तासाभरात दमछाक करणारे श्रम टाळले म्हणजे झाले.

सकाळच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे मात्र कोणी समजू नये. नागपूर-चंद्रपुराकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे पहाटेवाचून गत्यंतरच नाही. उलट थंडीच्या दिवसांत मोठ्या शहरांतून पहाटेची जड हवा धूर व धूळ जमिनीलगत कोंडून धरते. तेथे ऊन वर येईपर्यंत थांबलेले बरे. ऋतू व गाव बदलले की उत्तर बदलते. वाग्भटाचार्यांनीही निरोगी मनुष्याने ब्राह्ममुहूर्ती उठावे असे सांगितले खरे, पण व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, थंडीत व वसंतात असा करावा व इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असेही त्यांनीच सांगून ठेविले आहे. आमच्या पहाटवादी मित्रांस पहिले वाक्य तोंडपाठ असते, दुसरे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचे प्रमाण ठरविले, त्यात घड्याळातील अमुकच वेळ सांगितलेली नाही. इतकेच नव्हे, तर एका वेळी निदान १० मिनिटे तरी श्रम सलग झाले पाहिजेत, ही पूर्वीची अटही तिने काढून टाकिली.

मग अडते कोठे? २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे हिंदुस्थानातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे लोक शरीरास पुरेसे श्रम देत नाहीत; पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२ व स्त्रियांत शेकडा ५७ आहे. स्त्रिया आळशी म्हणून असे होते काय? सरकारच्या २०१९ सालच्या वेळेच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे दिसले, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ साली हेच आकडे २८९ व ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईचे काम दहा मिनिटांनी हलके झाले, व ते उचलण्यास पुरुष पुढे सरसावला म्हणावे, तर त्याचेही नऊ मिनिटांनी कमीच झाले! नळाचे पाणी, मुलांचे डबे व सासूबाईंचा चहा हे सारे ज्या वेळी उभे राहते, त्याच वेळी तिने टेकडी चढून यावी असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. तिचा यजमान ज्या टेकडीवरून ताजातवाना होऊन परततो, ती टेकडी त्यास तिच्याच पहाटेतून मिळालेली असते.

कर्जत-कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा कारकून व बारा-बारा तास उभा राहणारा पहारेकरी यांची गोष्ट वेगळी नाही. त्यांस वेळ निवडावयाची नसून मिळवावयाची आहे, आणि ती एकट्याच्या निग्रहाने मिळत नसते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, तेव्हा मुलांना पहाटे उठण्याचा नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत. शाळेच्याच दिवसात त्यास जागा करून दिली. व्यायामाची खरी सोय ती ही.

आमच्या कित्येक नगरपालिकांची उद्याने मात्र दुपारी कुलूपबंद असतात व रात्री जेवणवेळेलाच रखवालदार शिट्टी फुंकू लागतो. घरची माणसे बाहेर गेल्यावर दुपारी ज्या बाईस तासभर उसंत मिळते, तिला फाटकाबाहेरून झाडे पाहावी लागतात. सावली असलेली उद्याने दुपारी उघडी ठेवावीत, मैदानांवर रात्री दहापर्यंत दिवे असावेत, बायकांस निर्धास्तपणे वावरता येईल असा बंदोबस्त असावा, आणि आखाडे व व्यायामशाळा यांनी स्त्रियांचे वर्ग त्यांना विचारून त्यांच्या सवडीने ठेवावेत. दिव्यांचा व एका जादा रखवालदाराचा खर्च काही नगरपालिकांस बुडविणारा नाही. पुढील अंदाजपत्रकात तो मांडण्यास आपल्या नगरसेवकाची हरकत आहे काय, हे वाचकांनी त्यास समक्ष जाऊन विचारावे. आणि पहाटे फिरावयास जाणाऱ्या गृहस्थांनी आठवड्यातून तीन दिवस घरी राहून डबे भरावेत. त्या तीन दिवशी त्यांनी सायंकाळी फिरण्यास कोणत्याही शास्त्राचा विरोध नाही.