थंडी, टायरातली हवा आणि माझी एक चूक

मंडळी, यंदा नांदेडला थंडी पडली की मी सकाळी पहिल्यांदा काय करतो, सांगू? चहाच्या आधी स्वेटर-मफलर घालून अंगणात जातो आणि लेकाच्या गाडीच्या चारही चाकांची हवा मोजतो. शेजारच्या वहिनींना आधी वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. बीए मराठीचा माणूस, जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेलं, आणि आता हा उकिडवा बसून चाकाला काय लावतोय? पण याच्यामागे एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत आमचे बरेच नातेवाईक आहेत आणि त्यांच्या मनातली एक समजूत मला दुरुस्त करायची आहे.

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. नात तेव्हा अकरावीला, लातूरला. 'लातूर पॅटर्न' आमच्याकडे नवा नाही. नांदेडची कितीतरी मुलं तिकडे खोली करून राहतात. संक्रांतीला आली होती, तिला परत सोडायचं होतं. पहाटे साडेपाचला निघालो. गाडीत आम्ही पाच जण, शिवाय तिची गादी, पुस्तकांची पेटी, तिळगुळाचे डबे, महिन्याचा फराळ. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पारा दहाच्या आसपास असावा.

निघताना मी माझ्या पद्धतीने चाकं तपासली. म्हणजे काय, तर चपलेच्या टोकाने प्रत्येक टायरला एक लाथ. (हसू नका! तुमच्यातलेही निम्मे लोक हेच करतात.) ठक्क असा आवाज आला, मी म्हणालो, "हवा ठीक आहे, चला."

लोहा गेलं. अहमदपूर यायच्या आधी, गाडीला तासभर झाला असेल, तेवढ्यात मागून मोठा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. पुढे उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती. लेकाने ब्रेकवर पाय न मारता स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी हळूहळू कडेला घेतली. त्याने तिथे जोरात ब्रेक मारला असता, तर मी आज हे लिहायला असतो की नाही, माहीत नाही. कुणाला खरचटलंही नाही. नात मात्र पुढचा अर्धा तास माझा हात सोडत नव्हती.

स्टेपनी लावून अहमदपूरला पोचलो आणि एका पंक्चरच्या दुकानात ते टायर दाखवलं. दुकानदार पोरगेलासाच होता. त्याने टायर रिमवरून उतरवलं, आत हात फिरवला आणि माझ्यासमोर मूठ उघडली. मुठीत रबराचा काळा भुगा.

"काका, हे टायर नुसतं फुटलं नाही, जळालंय. कितीची हवा ठेवताव?"

"तीस," लेक म्हणाला.

त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आतल्या खांबावरचं स्टिकर दाखवलं. कंपनीने तिथे ३३ लिहिलं होतं, आणि भरल्या गाडीला मागच्या चाकांत त्याहून जास्त. मग त्याने उरलेली तीन चाकं मोजली. पंचविसाच्या आसपास भरली. "आणि ही आता गरम आहेत. घरून निघताना एकवीस-बावीसच असतील. तीस कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाला, "मीच ठेवतो तीस."

आणि मी गप्प बसलो.

मंडळी, तीस मी सांगितलं होतं. दरवर्षी मीच सांगायचो. "आपल्याकडे ऊन फार, हवा गरम होऊन फुगते, टायर फुटतं. म्हणून दोन-तीन पाउंड कमीच ठेवावी." २०२२ च्या दसऱ्याला आम्ही बाहेरगावाहून भर दुपारी आलो, तेव्हा पंपावर हवा भरून घेतली. लेक ३३ म्हणत होता. मी पंपावरच्या पोराला दटावून ३० भरायला लावली. शिक्षकाचा आवाज हो, कोण मोडणार? पुढे सगळ्या भावकीत बातमी झाली, की याने हवा न बघता म्हाताऱ्या आई-बापाला घेऊन गाडी हाणली. तो निष्काळजी ठरला. लग्नात, बारशात चार जणांनी त्याला टोकलं. मी ते ऐकलं आणि तिथेही गप्प बसलो.

आता हा नियम माझ्या डोक्यात कुठून आला, त्याचा शोध मी नंतर घेतला. तो सायकलवरून आला. माझी नोकरीची पहिली वर्षं खेड्यात गेली. रोज सायकल, आणि तिच्या ट्यूबला चार-पाच ठिगळं. मे महिन्यात सायकल उन्हात उभी राहिली, की सोल्यूशन पातळ होऊन ठिगळ सुटायचं आणि फुस्स! म्हणून आम्ही उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवायचो. अंगठ्याने टायर दाबून हवा ओळखायचो. ठिगळाच्या सायकलला ते शहाणपण चालून जायचं. पण वाहन बदललं आणि मी नियम तोच ठेवला. मोटारीचं टायर बाजूने फुगीर आणि जाड असतं. बावीस पाउंड आणि तेहतीस पाउंड यांतला फरक लाथेला कळत नाही आणि डोळ्यांनाही धड दिसत नाही.

गणित नातीने समजावलं. लातूरच्या खोलीत गादी टाकल्यावर तिने वहीचं मागचं पान उघडलं. म्हणाली, "आजोबा, हे आम्हाला अकरावीला आहे." बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात कमी-जास्त होतो, हा गे-ल्युसॅकचा नियम. फक्त तापमान केल्विनमध्ये धरायचं, म्हणजे आपल्या अंशांत २७३ मिळवायचे. आणि दाबही पूर्ण धरायचा, म्हणजे काट्यावरच्या आकड्यात बाहेरच्या वातावरणाचे साधारण साडेचौदा पाउंड मिळवायचे. दसऱ्याच्या दुपारी टायर चालून तापलेलं. आतली हवा ५० अंश धरली, तर ३२३ केल्विन. काट्यावर ३० अधिक साडेचौदा, म्हणजे साडेचव्वेचाळीस. जानेवारीच्या पहाटे १० अंश, म्हणजे २८३ केल्विन. साडेचव्वेचाळीसला २८३ ने गुणून ३२३ ने भागलं, की ३९ येतात. त्यातून साडेचौदा वजा केले. उरले साडेचोवीस!

म्हणजे बघा, हवेचा एक कणही बाहेर न जाता साडेपाच पाउंड गेले. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एखादा पाउंड हवा झिरपतच असते. दसरा ते संक्रांत, तीन महिने, तीन पाउंड. राहिले साडेएकवीस. पंक्चरवाल्या पोराने वही न घेता तेच सांगितलं होतं! तेहतीसच्या जागी एकवीस, म्हणजे एक तृतीयांश हवा गायब, आणि वर पाच माणसं, गादी आणि पुस्तकांची पेटी.

मग टायर जळतं कसं? हवा कमी असली, की टायर रस्त्याला टेकताना बाजूने जास्त दबतं आणि सुटताना पुन्हा उभं राहतं. एका मिनिटात शेकडो वेळा. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिलं, की हाताला चटका बसतो ना, तसंच. रबर आतून तापतं, आतले धागे सुटतात, बाजूची भिंत झिजून तिचा भुगा होतो, आणि एक क्षण असा येतो, की ती भिंत टिकत नाही. बाहेर कडाक्याची थंडी असतानाही आत हे चाललेलं असतं. उन्हाच्या भीतीने मी हवा कमी करत आलो, पण हवा कमी केल्यानेच टायर जास्त तापतं. माझा नियम नुसता चुकीचा नव्हता, तो बरोबर उलटा होता.

आपल्याला वाटतं, थंडीचा आणि टायरचा संबंध बर्फाच्या देशांत. माझा पुतण्या शिकागोला असतो. तिथे म्हणे पहिली कडाक्याची थंडी पडली, की सकाळी गाडी सुरू करताच टायरचा पिवळा दिवा लागतो. दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पाउंड, हा त्यांचा तोंडचा हिशेब. आपल्या अंशांत धरलं, तर साडेपाच अंशांना एक पाउंड. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे कुठली थंडी!" पण मराठवाड्यात ऑक्टोबरची दुपार ३२ अंशांची आणि जानेवारीची पहाट १० अंशांची. बावीस अंशांचा फरक, म्हणजे तीन ते चार पाउंड फक्त ऋतू बदलला म्हणून गेले. परभणीची थंडी तर दर हिवाळ्यात पेपरात येतेच. बर्फ पडत नाही, म्हणून आपण हवेकडे बघत नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, नायट्रोजन भरा, काळजी मिटली. पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि थंडीने दाब उतरण्याचा नियम दोघांना सारखाच. झिरपणं थोडं कमी होत असेल, मोजणं चुकत नाही. कुणी म्हणेल, नव्या गाडीत दिवा लागतोच की. २०२० साली आपल्याकडे नियमात बदल झाला, की ज्या लहान गाड्यांत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच आहे, त्यांना स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे त्या गाड्यांत हवेकडे लक्ष देणं आणखीच गरजेचं झालं. दिवा लागेपर्यंत थांबू नये. हवा बऱ्यापैकी उतरल्यावरच तो लागतो.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं लिहिलं. हवा मोजणं हे ड्रायव्हरचं किंवा पंपावरच्या पोराचं काम नाही, ते घरातलं काम आहे. गॅस बंद केला का बघतो, कडी लावली का बघतो, तसं. हवा मोजायचा काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. महिन्यातून एकदा, आणि पहिली थंडी पडली की लगेच, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजावी. आकडा माझ्यासारख्याला विचारू नये, दाराच्या खांबावर वाचावा. गाडी भरलेली असेल, तर भरल्या गाडीचा आकडा घ्यावा. स्टेपनीही मोजावी, ती ऐन वेळी रिकामी निघते. थंड असताना ३३ भरली आणि दुपारी ३६ दिसली, तर घाबरून काढू नये. कंपनीने ते तापणं हिशेबात धरूनच आकडा दिलेला असतो. आणि पंपावर हवा फुकट मिळायला हवी, तो आपला हक्क आहे. "मशीन बंद आहे" ऐकून मुकाट्याने पुढे जाऊ नये. स्कूटरवाल्यांनाही हेच. मागे कुणाला बसवणार असाल, तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो.

हवा भरलेलं टायर जॉन डनलॉप नावाच्या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टरने १८८७ साली बनवलं, ते आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी. पोराला हादरे बसू नयेत म्हणून बापाने केलेली ती खटपट. हे वाचलं आणि मला स्वतःची लाज वाटली. माझ्या पोराला मी नेमकं उलटं दिलं. चुकीचा आकडाही दिला आणि वर त्याचा दोषही त्याच्याच माथी राहू दिला.

छत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, की चूक लाल शाईने दुरुस्त करावी, खोडून लपवू नये. स्वतःच्या वहीवर मात्र मी लाल शाई चालवली नाही. तर आता चालवतो. नातेवाईक मंडळींनो, ते टायर लेकाच्या निष्काळजीपणाने फुटलं नाही. माझ्या हट्टाने फुटलं. त्याने तर स्टिअरिंग धरून आम्हा पाच जणांना वाचवलं.

लेकाला हे लिहिण्याआधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, एवढं कशाला? विसरले असतील सगळे." मी म्हणालो, "ते विसरले असतील, पण तू?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेलो, तर तो आधीच तिथे उभा होता, हातात काटा घेऊन. म्हणाला, "तुम्ही वाकू नका. मी मोजतो, तुम्ही लिहून घ्या."

पुढचं डावं ३१, पुढचं उजवं ३१, मागची दोन्ही ३०. पारा ११. पंपावर जाऊन भरून आलो, आणि मग चहा घेतला.