पिण्यास योग्य, म्हणे!

मे महिन्यात गावी गेलो होतो. आमचं गाव खेड तालुक्यातलं, लोटे-परशुरामच्या एमआयडीसीपासून फार लांब नाही. काकांनी मोठ्या कौतुकाने विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट दाखवला. खाली शिक्का, 'पिण्यास योग्य'. वर पीएच, गढूळपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह आणि जंतू. बस्स! रासायनिक कारखान्यांच्या शेजारची विहीर, आणि कारखान्यातलं एकही रसायन त्या कागदावर नाही.

नमुना कसा नेला विचारलं, तर मिनरल वॉटरच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतून. आता बेंझिन, टोल्युइन असली द्रव्यं हवेत उडून जातात. त्यांच्यासाठी काचेची बाटली काठोकाठ भरून, बुडबुडा न ठेवता बंद करून, बर्फात न्यावी लागते. पण शोधायचंच नसेल तर बाटली कुठलीही चालते...

तेवढ्यात चुलतभाऊ टीडीएसचं मीटर घेऊन आला. आकडा ८०. "दादा, अमृत आहे अमृत!" हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. बेंझिन त्याला दिसतच नाही. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ती पन्नासपट ओलांडली तरी या मीटरवर एक आकडासुद्धा हलणार नाही. असो.

इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता. तिथल्या पाण्यातलं पीफास २०१३ मध्ये उघडकीला आलं, ते कुणीतरी मुद्दाम शोधलं म्हणून. तोवर लोक कित्येक दशकं तेच पाणी पीत होते. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने कारखान्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. दरम्यान कारखाना दिवाळखोरीत गेला आणि २०१९ मध्ये त्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली. ती आली कुठे? आमच्या लोट्याला!

तिथून काही झिरपतंय असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएससाठी लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. आपल्या २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये पीफासचा उल्लेखच नाही. बरं, शिसं, पारा, फेनॉल, कीटकनाशकं यांच्या मर्यादा तर त्यात आहेत ना? काकांच्या कागदावर त्याही नाहीत.

"सगळं तपासायला पैसा कुठून आणायचा?" हे उत्तर ठरलेलं. अहो, सगळं कोण म्हणतंय! प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात प्रत्येक कारखाना काय बनवतो ते लिहिलेलं असतं. ती यादी घ्या, तीच द्रव्यं विहिरीत शोधा. उन्हाळ्यात एकदा, पावसानंतर एकदा. बिल वसाहतीने भरावं. विहीर तिथे आधीपासून होती. आणि शिक्क्याखाली छापा, काय काय तपासलेलं नाही ते.

तसा अर्ज ग्रामसभेसाठी लिहून दिलाय. काकांना तो फारसा रुचला नाही. "योग्य म्हणून लिहिलंय ना बाबा," म्हणाले, आणि तांब्या पुढे केला. तहान लागली होती. प्यायलो.