सागरकिनारी चतुष्पाद पाहुणा : हौस आणि जबाबदारी

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की मुंबई, पुणे आणि नाशिक येथून कोकणाकडे जाणाऱ्या वाहनांची रीघ लागते. त्यातील काही मोटारींच्या मागच्या आसनावर अलीकडे घरचा कुत्राही दिसू लागला आहे. पाळीव कुत्रा हा कुटुंबाचाच सदस्य मानला जात असल्याने त्याला शेजाऱ्याकडे ठेवून जाणे अनेकांना रुचत नाही. पर्यटकांची ही गरज ओळखून अलिबाग, काशिद, दापोली, गुहागर, मालवण आणि गोव्यातील अनेक निवासस्थानांनी कुत्र्यांसाठी आपली दारे उघडली आहेत. मात्र खोली मिळाली म्हणजे सहलीचे नियोजन पूर्ण झाले, असे समजणे योग्य ठरणार नाही. किनारा ही कोणाची खाजगी मालमत्ता नसून तेथे मच्छीमार, गावातील कुत्रे, कासवे आणि इतर पर्यटक या सर्वांचा वावर असतो, याचा विचार या नियोजनात अग्रभागी असणे आवश्यक आहे.

या विषयाला २०२५ मधील घडामोडींची पार्श्वभूमी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटके कुत्रे निवाराकेंद्रांत हलविण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वादंग माजल्यानंतर २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्र्यांना मूळ ठिकाणी सोडावे, मात्र रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्र्यांना सोडू नये, असे स्पष्ट करून या प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढविण्यात आली. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटके कुत्रे हटविण्याचे निर्देश देण्यात आले. या यादीत समुद्रकिनाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. ही सारी चर्चा भटक्या कुत्र्यांभोवती फिरत राहिली. पट्टा बांधून सहलीला आलेल्या कुत्र्याने आणि त्याच्या मालकाने सार्वजनिक जागी कसे वागावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला.

प्रवासाचे नियम

प्रवासापुरते बोलायचे तर नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. भारतीय रेल्वेत कुत्र्याला सोबत न्यायचे असल्यास वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांचा कक्ष संपूर्णपणे आपल्या नावे आरक्षित असावा लागतो. वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणी, शयनयान किंवा खुर्ची यानात कुत्र्याला सोबत नेता येत नाही. त्यामुळे जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत ही केवळ आसनांची गाडी या प्रवाशांच्या उपयोगाची नाही. दुसरा पर्याय म्हणजे गार्डच्या डब्यातील कुत्र्यांची पेटी. त्यासाठी पार्सल कार्यालयात आगाऊ नोंदणी करावी लागते. तथापि अंधार, उकाडा आणि आवाज यांची सवय नसलेल्या प्राण्यासाठी हा प्रवास क्लेशदायक ठरू शकतो, हे मालकाने लक्षात घ्यावे.

मुंबईकरांना मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा उपलब्ध आहे. मोटारीसह सुमारे तासाभरात खाडीपलीकडे जाता येते आणि पाळीव प्राण्यांसाठी वेगळे भाडे भरून त्यांनाही नेता येते. अलिबाग परिसरात दोन दिवसांची सहल आखणाऱ्यांसाठी हा मार्ग महामार्गावरील कोंडीपेक्षा सुसह्य आहे. मात्र खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्या रद्द होऊ शकतात. पावसाळ्यात ही शक्यता अधिक असते.

आणखी एक नियम अनेकांच्या ध्यानात येत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला, मुरूडचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग ही केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारके आहेत. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार देखभालीचे काम वगळता अशा ठिकाणी प्राणी नेण्यास मनाई आहे. परिणामी किल्ला पाहण्याचा बेत असेल, तर घरातील एकाला कुत्र्यासोबत मागे थांबावे लागेल. त्याला बंद मोटारीत ठेवून जाणे हा यावरील पर्याय नव्हे. कोकणातील उन्हात बंद वाहन काही मिनिटांतच भट्टीसारखे तापते आणि त्यात प्राण्याचा जीव जाऊ शकतो.

लसीकरण : पहिली अट

सहलीची पहिली अट आहे ती रेबीजप्रतिबंधक लसीची. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावण्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली, तर रेबीजमुळे झालेल्या संशयित मृत्यूंची संख्या ५४ होती. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या सुमारे ९९ टक्के घटनांचे मूळ कुत्र्यांमध्ये असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या बाबतीत गोव्याचा अनुभव आश्वासक आहे. २०१३ ते २०१९ या काळात तेथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांमधून जनजागृती आणि संशयित रुग्णांवर देखरेख अशी तिहेरी मोहीम राबविली. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण त्यामुळे ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. इतक्या परिश्रमाने मिळविलेली ही स्थिती टिकवायची, तर बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा लसीकृत असणे अगत्याचे आहे. प्रथमच लस दिली असेल तर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. म्हणूनच निघण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली सुई कागदावर नियम पाळते, परंतु प्रत्यक्षात संरक्षण देत नाही. सहलीची तारीख ठरविण्यापूर्वी लसीकरणाची पुस्तिका उघडून पाहावी आणि प्रवासात ती सोबत ठेवावी.

तरीही कोणाला कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी व विनाविलंब नजीकचे सरकारी रुग्णालय गाठावे. चावणारा कुत्रा पाळीव आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये.

किनाऱ्याचे मूळ रहिवासी

शहरातील कुत्रा पुळणीवर मोकळा सुटला की प्रथम त्याची गाठ पडते ती गावातील कुत्र्यांशी. किनाऱ्याचा एकेक टापू त्यांनी आपसांत वाटून घेतलेला असतो. नवागताला पाहून टोळी जमते आणि भांडण जुंपते. अशा प्रसंगी मालक काठी उगारतो, दगड भिरकावतो आणि पाहुणा निघून गेल्यावर त्या चिडलेल्या कुत्र्यांचा त्रास गावातील मुलांना भोगावा लागतो. लांब पण हातात धरलेला पट्टा हाच यावरील साधा उपाय आहे. खोली घेण्यापूर्वी घरमालकाकडे स्वतःचे कुत्रे-मांजर आहे का, अंगणाला कुंपण आहे का आणि कुत्र्याला खोलीत ठेवण्यास अनुमती आहे की केवळ ओसरीवर, याची विचारणा करावी.

दुसरे रहिवासी आहेत मच्छीमार. पुळणीवर वाळत घातलेली सुकी मासळी, वलांडीवरचे बोंबील आणि रापणीची पसरलेली जाळी हे पर्यटकाला छायाचित्रापुरते दृश्य वाटते, पण ते एका कुटुंबाचे उत्पन्न असते. कुत्र्याने त्यावर एकदा धाव घेतली की दिवसाची मेहनत वाया जाते. कुत्र्याची विष्ठा वाळूत पुरून टाकणे हाही शिष्टाचार नव्हे. त्याच वाळूत मासळी वाळते आणि मुले अनवाणी खेळतात. ती उचलून पिशवीतून परत नेणे हेच उचित होय.

तिसरा रहिवासी रात्री येतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि दीड ते दोन महिन्यांत पिले बाहेर पडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले. पूर्वी ही अंडी कोल्ही, कुत्रे आणि माणसे यांच्या तावडीत सापडत असत. आज ती कुंपण घातलेल्या जागी हलविली जातात. गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथेही घरट्यांचे संरक्षण केले जाते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या कासवाला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. असे असूनही कुत्र्याला गंध लागला, तर तो काही क्षणांत घरटे उकरू शकतो आणि त्याच्या चाहुलीने किनाऱ्यावर आलेली मादी अंडी न घालताच समुद्रात परतू शकते. याच कारणास्तव, कासवांच्या हंगामात अशा किनाऱ्यांवर सूर्यास्तानंतर कुत्र्याला नेऊ नये. हिवाळ्यातील सहलीसाठी शक्यतो घरटी नसलेला किनारा निवडावा. याविषयीची माहिती गावातील कासवमित्र किंवा वनविभागाचे कर्मचारी देऊ शकतात.

प्राण्याचे हित

या सर्वांत कुत्र्याचे स्वतःचे हितही दुर्लक्षून चालणार नाही. लाटांत खेळताना तो खारे पाणी पितो. ते अधिक झाल्यास उलट्या व जुलाब होतात आणि प्रसंगी जिवावरही बेतते. त्यामुळे गोड्या पाण्याचे भांडे जवळ असावे. दुपारच्या वाळूवर तळहात काही सेकंद टेकवून पाहावा. तो ठेवणे असह्य वाटले, तर कुत्र्याच्या पंजांनाही चटका बसणार हे उघड आहे. पग आणि बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जाती उष्म्याने लवकर कासावीस होतात. त्यांच्यासाठी सकाळ आणि संध्याकाळ एवढीच वेळ योग्य आहे. वाहून आलेले जेलीफिश व मेलेले मासे यांपासून त्याला दूर ठेवावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा आणि झाडीतून गोचिडांचा धोका असतो. परतल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घालून कान व पंजे कोरडे करावेत. मुक्कामाच्या गावाजवळ पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच केलेली बरी, कारण रविवारी ऐनवेळी ही शोधाशोध कठीण जाते.

नियमांची पोकळी

किनाऱ्यावर पाळीव कुत्र्यांना कोठे व केव्हा प्रवेश असावा, याविषयी देशात एकसमान नियम नाही. सरसकट बंदी घालणे हा त्यावरील सोपा, परंतु अन्याय्य उपाय ठरेल. कोकणातील घरगुती निवासव्यवस्थेतून अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले आहे आणि कुत्र्यासह येणारा पर्यटक गर्दीचा हंगाम टाळून येतो तेव्हा या कुटुंबांनाही त्याचा लाभ होतो. ग्रामपंचायतींनी किनाऱ्याचा एक भाग आणि ठराविक वेळा निश्चित करणे, पट्टा व लसीकरण प्रमाणपत्र बंधनकारक करणे, कासवांच्या हंगामात निर्बंध लावणे आणि प्रवेशमार्गावर तसे मराठी, हिंदी व इंग्रजी फलक उभारणे, एवढ्याने बरेच काही साधेल. निवासस्थानाच्या मालकांनीही आरक्षण घेतानाच हे नियम पाहुण्यांना कळविले, तर पुढचे वाद टळतील.

असे नियम अस्तित्वात येईपर्यंत भार मालकाच्या विवेकावरच आहे. भटक्या कुत्र्यांविषयी समाजात आधीच तीव्र मतभेद असताना एका बेफिकीर मालकाच्या वर्तनामुळे गावकऱ्यांचे मत सर्वच कुत्र्यांविरुद्ध कलुषित होते आणि ‘कुत्र्यांना मज्जाव’ अशी पाटी लागते. ती पाटी लागू नये असे वाटणाऱ्यांनी सहलीच्या सामानात खाऊ आणि खेळण्यांबरोबर पट्टा, लसीकरणाची पुस्तिका आणि विष्ठेच्या पिशव्याही न विसरता ठेवाव्यात. कोकणात पाहुण्याचे आगतस्वागत मनापासून होते. पाहुण्यानेही यजमानाच्या घरची रीत पाळावी, एवढीच तेथील लोकांची अपेक्षा असते.